पिकअपमागे दोन ट्रेलर जोडायचे आहेत? आधी हे वाचा

आम्ही गुहागर तालुक्यात होड्यांचे ट्रेलर बनवतो, दुरुस्त करतो आणि गाड्यांना हुक बसवतो. मे महिना लागला की आमच्या दारात दर वर्षी तोच प्रश्न येतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. त्याआधी फायबरच्या होड्या वर काढायच्या, वॉटर स्पोर्टवाल्यांच्या जेट स्की शेडमध्ये न्यायच्या, आणि पिकअप असते एकच. मग गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, या ट्रेलरच्या शेपटीला अजून एक हुक वेल्डिंग मारून द्या. दोन्ही एकामागे एक लावतो, एका फेरीत काम."

त्याला आम्ही नाही म्हणतो. एका हुकाचे पैसे बुडतात, कधी गिऱ्हाईकही तुटतं. पण का नाही म्हणतो ते तोंडी सांगताना अर्धं राहून जातं, म्हणून हा कागद छापला आहे.

घाटावर चालतं, मग इथे का नाही?

हे हमखास ऐकायला मिळतं. वाळवा, शिरोळकडे उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे भरलेल्या दोन ट्रॉल्या आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. पण तो ट्रॅक्टर आहे. त्याची मागची चाकं माणसाच्या छातीएवढी, गिअर ओढण्यासाठीच बनवलेले, ट्रॉलीची कडी अडकते ती चाकांच्या अगदी जवळ आणि जमिनीलगत, आणि वेग पंचवीस-तीसचा. तरीसुद्धा रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या मागच्या ट्रॉलीवर मोटरसायकल आदळल्याच्या बातम्या दर हंगामात येतातच. शिवाय तो रस्ता बहुतेक सपाट. आपल्याकडे गावातून हायवेला लागेपर्यंत तीन उतार आणि सात वळणं.

दुसरे गिऱ्हाईक मोबाईलवर अमेरिकेतला व्हिडिओ दाखवतात. पिकअप, मागे राहायची भलीमोठी केबिन, तिच्या मागे स्पीडबोट. व्हिडिओ खरा आहे. तिथे काही राज्यांत हे चालतं, काहींत चालत नाही. पण नीट बघितलंत तर पहिला ट्रेलर पिकअपच्या शेपटीला नसतो. तो हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या वर बसवलेल्या खुंट्यावर टेकलेला असतो. मिशिगनसारख्या राज्यात दोन ट्रेलरची परवानगी आहे तीच मुळी पहिला ट्रेलर असा हौद्यात टेकणारा असेल तर. आपल्याकडच्या दीड टनी पिकअपच्या हौद्यात असतात आंब्याच्या पेट्या नाहीतर जांभ्याचे चिरे. तिथे खुंटा बसवायला जागाही नाही आणि तशी मान्यताही नाही.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हे स्वतःच एक मोटार वाहन आहे. त्याला इंजिन नसलं तरी. म्हणजे त्याचं स्वतंत्र रजिस्ट्रेशन हवं आणि कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमाही हवा. घरच्या घरी जुन्या जीपच्या ॲक्सलवर चॅनेल जोडून केलेला गाडा कितीही मजबूत असला तरी रस्त्यावर आला की तो बिननोंदणीचं वाहन ठरतो. बिननोंदणीच्या वाहनाला पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. विमा नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दोन ट्रेलर म्हणजे हे सगळं दुप्पट.

एक वाचनवेडे गिऱ्हाईक कलम ६१ ची झेरॉक्स घेऊन आले होते. त्यात 'ट्रेलर किंवा ट्रेलर्स' आणि 'शेवटचा ट्रेलर' असे शब्द आहेत, म्हणजे कायद्याला दोन मान्य आहेत, असं त्यांचं म्हणणं. वाचलं त्यांनी बरोबर. पण ते कलम सांगतं नंबर कुठे लावायचा ते: ओढणाऱ्या गाडीचा नंबर शेवटच्या ट्रेलरवर दिसला पाहिजे. तुमची पिकअप किती ओढू शकते हे ते कलम सांगत नाही.

ते ठरतं दुसरीकडे. कलम ११३ म्हणतं की आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा जास्त वजन घेऊन कुठलंही वाहन किंवा ट्रेलर रस्त्यावर आणायचा नाही. जादा वजनाला कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवून घेतात. कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपासून आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे नियमबाह्य फेरफाराला मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

ट्रेलरच्या शेपटीला आम्ही हुक वेल्ड केला तर तो ट्रेलरचा फेरफार झाला. ज्या साच्याच्या ट्रेलरला मान्यता मिळाली आहे त्यात मागे हुक नाही. तो ट्रेलर ओढला जाण्यासाठी बनवला आहे. दुसऱ्याला ओढायचं काम त्याचं नाही. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर पहिला फोटो त्याच वेल्डिंगचा काढेल.

हुकावरचं वजन

कायदा बाजूला ठेवा. आमची खरी भीती या वजनाची आहे.

चांगल्या जोडलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग पिकअपच्या हुकावर टेकलेला असतो. ७०० किलोचा ट्रेलर असेल तर हुकावर ७० किलोच्या आसपास. हे वजन हुक दाबून धरतं आणि ट्रेलरला सरळ मागे चालवतं. ते कमी झालं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. आधी हळू, मग जोरात, आणि मग ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही. होडीला मागे आऊटबोर्ड इंजिन टांगलेलं राहिलं तरी नाक हलकं होतं, हे आपल्या तांडेल मंडळींना आम्ही सांगायला नको.

आता दुसरा ट्रेलर पहिल्याच्या शेपटीला अडकवा. त्याचं नाक ६० किलोने पहिल्याची शेपटी खाली दाबतं. पहिल्याची चाकं हुकापासून ३ मीटर मागे आणि नवा हुक चाकांच्या २ मीटर मागे धरला, तर पोरांच्या सी-सॉसारखं होतं. मागे ६० किलो दाबले की पुढे पिकअपच्या हुकावरून ४० किलो उचलले जातात. सत्तरचे राहिले तीस. म्हणजे ज्या वजनाने पहिला ट्रेलर शहाण्यासारखा चालत होता तेच निघून गेलं, आणि वर मागे एक जादा शेपूट लागलं. पिकअपने थोडा झोला खाल्ला तर पहिला ट्रेलर त्याहून जास्त झोला खातो, दुसरा पहिल्याहूनही जास्त.

ब्रेकचंही तसंच. एकूण वजन ७५० किलोच्या वर गेलं की आम्ही ओव्हररन ब्रेकशिवाय ट्रेलर देत नाही. पिकअप थांबू लागली की ट्रेलर पुढे ढकलला जातो, त्या ढकलण्यानेच हुकाजवळचा दांडा आत सरकतो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. साधं आणि भरवशाचं. पण मागून दुसरा ट्रेलरही ढकलत असेल तर एकाच्या मापाच्या ब्रेकवर दोघांचा भार येतो. एकतर चाक जाम होतं, नाहीतर लायनर तापून ब्रेक ढिले पडतात.

आणि ज्यांच्या ट्रेलरला ब्रेकच नाही त्यांच्यासाठी कागदावरचा हिशेब. साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. भरलेली पिकअप, ब्रेक उत्तम, रस्ता कोरडा, ड्रायव्हरला पाय दाबायला एक सेकंद, तर ती सुमारे ४० मीटरमध्ये थांबेल. ब्रेक तेच ठेवून मागे तेवढंच वजन आणखी लावलं तर साठ मीटरच्या पुढे. हे सपाटीवर. परशुराम घाटात उतारावर पावसाची पहिली सर पडल्यावर काय होईल ते तुम्हीच बघा.

आम्हीही एकदा केलं होतं

सात-आठ वर्षांपूर्वी दोन रिकामे ट्रेलर हर्णैला पोचवायचे होते. रिकामेच तर आहेत, असं म्हणून एकामागे एक लावले आणि मी स्वतः गाडी घेऊन निघालो. वर्कशॉपपासून चार किलोमीटरवर उताराचं डावं वळण आहे. पिकअप व्यवस्थित निघाली, पहिला ट्रेलरही निघाला. मागच्याने मात्र वळण आतून कापलं. आरशात काहीच दिसलं नाही, आवाज आला फक्त. उतरून बघितलं तर मडगार्ड चेपून चाकावर बसलेला, गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, दोन चिरे रस्त्यात आणि टायरला जांभ्याची लाल भुकटी. प्रत्येक जोडलेलं वाहन पुढच्याहून थोडं आत वळतं हे मला माहीत होतं. ते एका वळणात किती होतं ते त्या दिवशी कळलं. गडग्याशेजारी त्या वेळी कुणी उभं नव्हतं.

खरी फजिती तर पुढे झाली. धोपाव्याला जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या खाडीपलीकडे नेणाऱ्या फेरीवर, बोटीत गाडी मागे घ्या म्हणाले. एक ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं हे सवयीने जमतं. दोन असले की पहिला उलटा, दुसरा उलट्याचा उलटा. पाच मिनिटं खटपट केली, ओहोटी होती, रॅम्पवर शेवाळ, मागे दाभोळला जायची माणसं खोळंबलेली. शेवटी दुसरा ट्रेलर सोडवून चार माणसांनी हाताने ढकलून बोटीत घेतला. फुकटच्या सूचना त्या दिवशी भरपूर मिळाल्या.

मग दोन होड्या न्यायच्या कशा?

दोन फेऱ्या करा. पंधरा-वीस किलोमीटरचं अंतर असेल तर डिझेलचा फरक मडगार्डच्या बिलापेक्षा कमीच येतो. दोन जेट स्की असतील तर एकाच ट्रेलरवर शेजारी-शेजारी बसतील असा रुंद ट्रेलर आम्ही देतो. होड्या लहान असतील तर एक पिकअपच्या हौद्यात आणि एक ट्रेलरवर, पण हौद्यातली होडी मागे बाहेर येऊन ट्रेलरला वळताना लागत नाही ना ते जागेवर वळवून बघा. लांब न्यायच्या असतील, कुंभार्ली किंवा आंबा घाट चढायचा असेल, तर सरळ टेम्पो किंवा ट्रक ठरवा. आम्हाला त्यात काही मिळत नाही, तरी हेच सांगू.

बंद पडलेली गाडी दोरीने ओढून आणणं हा प्रकार वेगळा. तिथे दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको आणि जायचं ते जवळच्या गॅरेजपर्यंतच.

एकच ट्रेलर, पण नीट

पिकअपच्या मॅन्युअलमध्ये ओढायची क्षमता दिलेली नसेल तर आम्ही हुकही बसवत नाही, यावर वाद घालू नका. दिलेली असेल तर हुकाचा गोळा आणि ट्रेलरची वाटी एकाच मापाची हवी. बाजारात ५० मिलिमीटरचे गोळेही आहेत आणि दोन इंचीही. दोन इंच म्हणजे ५०.८. नजरेला सारखेच दिसतात. पण दोन इंची वाटी ५० च्या गोळ्यावर सैल बसते आणि खड्ड्यात उडून निसटू शकते. माप गोळ्यावरच कोरलेलं असतं, गंज खरवडून वाचा. सेफ्टी चेन दोन्ही बाजूंच्या एकमेकींना ओलांडून फुलीसारख्या लावा, म्हणजे हुक सुटलाच तर नाक रस्त्यात न खुपसता चेनवर झेललं जाईल.

उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकचा वास आला की थांबा. पाणी ओतू नका, नुसतं थांबा.

आणि खारं पाणी. होडी सोडायला ट्रेलर रॅम्पवर पाण्यात घालता तेव्हा चाकाचे हब रस्त्याने तापलेले असतात. गरम हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. महिन्याभराने हब उघडला की पिवळ्या ग्रीसच्या जागी दुधाळ, फेसाळ चिखल निघतो आणि बेअरिंगवर तांबेरा. म्हणून जेटीवर पोचल्यावर हब हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, तेवढ्यात चहा होतो. लाईटची पिनही पाण्यात जाण्याआधी काढून ठेवा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, अगदी टंचाईतसुद्धा दोन बादल्या तरी.

आमच्याकडे येताना पिकअपची आरसी, मॅन्युअल, ट्रेलर असेल तर त्याची आरसी आणि विमा आणा. होडीचं वजन माहीत नसेल तर होडीसकट ट्रेलर घेऊन या, आमच्याकडे काटा आहे, हुकावरचं वजन बघायचे पैसे घेत नाही. फक्त मेच्या शेवटच्या आठवड्यात येऊ नका. तेव्हा सगळ्या बंदरांच्या होड्या एकदम वर येतात आणि आमच्याकडे रांग रस्त्यापर्यंत जाते. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात जायच्या आधी बेअरिंग बघून हवी असेल तर जुलैच्या मध्यापर्यंत ट्रेलर आणून टाका.