संगणक खेळांचे पोर्टिंग आणि पुनर्निर्मिती

एका यंत्रासाठी लिहिलेला खेळ दुसऱ्या यंत्रावर चालेल अशा रीतीने सिद्ध करण्याच्या कामाला पोर्टिंग म्हणतात आणि त्यातून तयार होणाऱ्या आवृत्तीला पोर्ट. मूळ खेळ तसाच ठेवून चित्रे व ध्वनी तेवढे सुधारले, तर तो रीमास्टर. कथा आणि आराखडा घेऊन बाकी सारे पायापासून नव्याने रचले, तर तो रीमेक. प्रकाशक मात्र हे शब्द सोयीने वापरतात, त्यामुळे वेष्टनावरील नावावर फारसे विसंबता येत नाही.

1980च्या दशकातील गृहसंगणक आणि कन्सोल (टीव्हीला जोडायची खेळयंत्रे) यांचे प्रोसेसर, रंग, मेमरी आणि ध्वनी यांत एकवाक्यता नव्हती. खेळ बहुधा असेंब्ली भाषेत, म्हणजे त्या-त्या प्रोसेसरच्याच आज्ञांत, लिहिलेले असल्याने मूळ कोड मिळाला तरी तो निराळ्या प्रोसेसरवर जसाच्या तसा चालत नसे. पुष्कळदा तो मिळतही नसे आणि प्रोग्रामरला आर्केड यंत्रावर (नाणे टाकून खेळायच्या सार्वजनिक यंत्रावर) खेळून, पडद्यावरील हालचाली निरखून सगळा खेळ पुन्हा लिहावा लागे.

या अडचणीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पॅक-मॅन. चक्रव्यूहात भुतांना चुकवत ठिपके खाण्याच्या 1980च्या या आर्केड खेळाचे अटारी 2600वरील पोर्ट 1982मध्ये आले. या कन्सोलची मेमरी अवघी 128 बाइट होती. त्यात पडद्याचे संपूर्ण चित्र साठवणे अशक्य असल्यामुळे टीव्हीची प्रत्येक ओळ रेखाटली जात असतानाच प्रोग्रामला तिची माहिती पुरवावी लागे. हलत्या आकृत्यांसाठी मोठे स्प्राइट (यंत्र स्वतः पडद्यावर हलवू शकेल अशी छोटी चित्रे) दोनच होते. एक पॅक-मॅनला गेल्यावर चार भुतांसाठी एकच उरला, म्हणून ती आळीपाळीने दाखवली गेली आणि पडद्यावर सतत लुकलुकत राहिली. खेळ साठवलेली, कन्सोलमध्ये खोचायची कार्ट्रिज 4 किलोबाइटची होती, चक्रव्यूहही बदललेला होता. तरीही या पोर्टच्या 70 लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुढे त्याच यंत्रावर 8 किलोबाइटच्या कार्ट्रिजवर आलेले मिस पॅक-मॅन बरेच सरस उतरले, तेव्हा सारा दोष यंत्राच्या माथी मारता येत नाही.

यंत्रभेदावर तोडगा म्हणून काहींनी खेळ एका काल्पनिक यंत्रासाठी लिहिला आणि प्रत्येक संगणकासाठी त्या यंत्राची नक्कल करणारा छोटा प्रोग्राम तेवढा वेगळा केला. इन्फोकॉम कंपनीचे झॉर्कसारखे मजकुरी खेळ (चित्रांऐवजी केवळ शब्दांतून खेळायचे) असे चालत, तसेच एरिक शाही यांचा 1991चा अनदर वर्ल्डही.

पोर्ट म्हणजे मुळाची काटछाटच, असेही नाही. जॉर्डन मेकनर यांचा प्रिन्स ऑफ पर्शिया 1989मध्ये ॲपल टू संगणकावर आला, तेव्हा त्यात 12 पातळ्या आणि एक तासाची मुदत होती. सुपर निन्टेन्डो कन्सोलवरील 1992च्या आवृत्तीत पातळ्या 20 झाल्या आणि मुदत दोन तासांची. उलट, त्याच कन्सोलवरील 1995च्या डूम या गोळीबाराच्या खेळात जमीन आणि छत यांवरील पोत (पृष्ठभागावर चिकटवलेली चित्रे) गाळावे लागले. डूमची निर्माती कंपनी आयडी सॉफ्टवेअरने डिसेंबर 1997मध्ये त्याचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ कोड) खुला केला आणि मूळ निर्मात्यांच्या ध्यानीमनी नसलेल्या यंत्रांवरही त्याची पोर्ट होऊ लागली. मात्र खुला झाला तो कोडच. चित्रे, ध्वनी आणि नकाशे यांवरील हक्क कायम राहिले.

पुनर्निर्मितीत खरी अडचण बहुधा दप्तराची, म्हणजे जुना कोड जपून न ठेवल्याची, असते. सायलेंट हिल या भयखेळांच्या 2012च्या एचडी (अधिक स्पष्ट चित्रांच्या) संग्रहाला अंतिम सोर्स कोड मिळाला नाही. अपुऱ्या प्रतीवरून काम झाले आणि मुळात नसलेले दोष त्यात शिरले. प्रिन्स ऑफ पर्शियाचा हरवलेला कोड त्याच वर्षी जुन्या फ्लॉपींवर सापडला, हे निव्वळ नशीब.

जुन्या-नव्याची तुलना खेळाडूवरच सोपवण्याचा प्रामाणिक मार्ग द सिक्रेट ऑफ मंकी आयलंडच्या 2009च्या विशेष आवृत्तीने स्वीकारला. त्यात एक कळ दाबताच चालू प्रसंग 1990च्या मूळ रूपात दिसे. फक्त नव्याने ध्वनिमुद्रित केलेले संवाद त्या रूपात ऐकू येत नसत. 2010मध्ये दुसऱ्या भागाच्या विशेष आवृत्तीत तीही सोय झाली.