प्रजनन न्याय आणि धर्म (नागपूर)

मूल हवे की नको, हवे तर कधी आणि किती, झालेले मूल नीट वाढेल अशी परिस्थिती आहे का, या गोष्टी स्त्रीने स्वतः ठरवाव्यात या भूमिकेला धर्माच्या आधाराने मिळालेला पाठिंबा. संततिनियमन, गर्भपात, बाळंतपणाची रजा आणि सक्तीच्या नसबंदीला विरोध हे सगळे या विषयात येते. धर्म आणि गर्भपात हे शब्द एकत्र आले की बहुतेकांना विरोधच आठवतो, आणि तो विरोध खरोखर मोठा आहे. पाठिंब्याचा प्रवाह त्या मानाने बारीक, पण बराच जुना. नागपुरात तो मुख्यतः आंबेडकरी चळवळीतून आला. याच शहरात धर्म-संस्कृतीच्या नावाने नेमके उलटे सल्लेही दिले गेले. त्यामुळे इथली चर्चा ‘किती मुले’ या प्रश्नात पुन्हा पुन्हा अडकते आणि ‘ठरवायचे कोणी’ हा प्रश्न मागे पडतो.

संकल्पना

‘प्रजनन न्याय’ ही संज्ञा जून १९९४ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे जमलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका गटाने घडवली. गर्भपाताचा कायदेशीर हक्क कागदावर असून गरीब स्त्रीला त्याचा उपयोग होत नाही, कारण तिच्याकडे दवाखान्याचे पैसे नाहीत, कामावरून सुटी नाही, आणि कित्येकदा तिला मूल हवे असतानाही ते होऊ न देण्याची व्यवस्था सरकारनेच केलेली असते, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून त्यांनी तीन हक्क एकत्र बांधले: मूल न होऊ देण्याचा, होऊ देण्याचा, आणि झालेल्या मुलांना सुरक्षित वातावरणात वाढवण्याचा. त्याच वर्षी सप्टेंबरात कैरो येथे संयुक्त राष्ट्रांची लोकसंख्या परिषद झाली आणि लोकसंख्येच्या आकड्यांऐवजी स्त्रीचे आरोग्य व निर्णय यांना तिथे मध्यवर्ती स्थान मिळाले.

धर्मगुरूंचा संघटित पाठिंबा याच्या बराच आधीचा. न्यू यॉर्कच्या जडसन मेमोरियल चर्चचे पाद्री हॉवर्ड मूडी यांच्या पुढाकाराने मे १९६७ मध्ये २१ पाद्री व ज्यू रब्बींनी एक सल्लासेवा जाहीर केली. गर्भपात तेव्हा तिथे गुन्हा होता. अडचणीत सापडलेली बाई फोन करी, पाद्री तिचे ऐकून घेई आणि भरवशाच्या डॉक्टरचा पत्ता देई. पुढे ही सेवा अनेक राज्यांत पसरली. १९७३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी वेगवेगळ्या पंथांची एक आघाडी त्या हक्काच्या रक्षणासाठी उभी राहिली आणि ‘कॅथॉलिक्स फॉर चॉइस’ ही संस्थाही निघाली. २४ जून २०२२ रोजी तो निकाल उलटवला गेला, तेव्हा गर्भपातबंदीमुळे आपल्या धर्माचे पालन करता येत नाही अशी तक्रार घेऊन काही ज्यू मंडळी न्यायालयात गेली. ज्यू धर्मशास्त्रात प्रसूतीच्या वेळी आईचा जीव धोक्यात असेल तर बाळाचे डोके बाहेर येईपर्यंत आईच्या जिवाला अग्रक्रम आहे. हा दंडक मिश्ना या ज्यूंच्या प्राचीन नियमसंग्रहाइतका जुना आहे.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेला दिवस गेले की तिच्यापुढे विहीर, नाहीतर तान्ह्याच्या गळ्याला नख, एवढेच मार्ग उरत. तिने इथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी सोय त्यांनी केली. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत फुल्यांनी पुढे दत्तक घेतला. प्रार्थना समाजाशी संबंधित लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ मध्ये पंढरपुरात तसेच गृह सुरू केले. वारकऱ्यांच्या तीर्थात, विठ्ठलाच्या गावात ते उभे राहिले याचे आजही नवल वाटते. या दोन्ही गृहांत गर्भपाताला जागा नव्हती. पण बाईला जाब न विचारता आसरा द्यायचा, हे तत्त्व तिथे होते.

नागपुरात १९२१ मध्ये कमलाताई होस्पेट यांनी सहकाऱ्यांसह मातृसेवा संघ स्थापन केला. स्वतः बालविधवा असलेल्या कमलाताईंनी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. सीताबर्डीवर लहानशा प्रसूतिगृहापासून सुरू झालेले हे काम नंतर विदर्भभर गेले. त्याच भागातले स्कॉटिश मिशनचे मूर मेमोरियल हे स्त्रियांसाठीचे रुग्णालय त्याहूनही जुने. सुखरूप बाळंतपण हा प्रजनन न्यायाचा पहिला, सगळ्यांना पटणारा आणि म्हणूनच चर्चेत कमी येणारा भाग आहे.

वर्धा १९३५, नागपूर १९४२

डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतील संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी कृत्रिम साधनांना साफ नकार दिला. ब्रह्मचर्य आणि संयम हाच त्यांचा मार्ग होता, आणि त्याचा पाया उघड धार्मिक होता. मात्र बायकांनी नवऱ्याला ‘नाही’ म्हणायला शिकावे, तेवढे शिकल्या तर हा प्रश्नच उरणार नाही, असेही ते याच संभाषणात म्हणाले. नकाराचा हक्क त्यांना मान्य होता, साधनाचा नव्हता. नवरा नकार ऐकणारा असेल असे गृहीत धरले तरच या उपायाला अर्थ राहतो, आणि हीच त्यातली मोठी उणीव आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची वाट वेगळी होती. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला जोरदार पाठिंबा दिला. १९२९ मध्ये तो कायदा झाला. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र आंबेडकरांनी घेतले. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाची साधने सरकारने उपलब्ध करून द्यावीत असा ठराव विधानसभेत मांडला. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मुलाला कोणी तयार झाला नसता, असा युक्तिवाद त्या वेळी सादर झालेल्या आंबेडकरांच्या भाषणात आहे. ठराव मोठ्या फरकाने फेटाळला गेला.

या साऱ्याचे नागपुरातले टोक म्हणजे २० जुलै १९४२ ची अखिल भारतीय दलित महिला परिषद. मोहन पार्कमध्ये हजारो बाया जमल्या होत्या. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. स्त्रियांना काडीमोडाचा कायदेशीर हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरण्या आणि विडी कारखान्यांत राबणाऱ्या बायांना रजा, असे ठराव तिथे झाले. समाजाची प्रगती मी स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो हे वाक्य बाबासाहेबांनी या परिषदेत केलेल्या भाषणातले, आणि ते आता शाळेच्या भिंतीवरही सापडते. त्याच भाषणाचा पुढचा भाग मात्र भिंतीवर कोणी लिहीत नाही. लग्नाची घाई करू नका. लग्न केलेच तर जास्त मुले होऊ देणे हा गुन्हा आहे हे ध्यानात ठेवा. प्रत्येक मुलीने नवऱ्यापुढे ताठ उभे राहावे, त्याची बरोबरीची मैत्रीण म्हणून हक्क सांगावा आणि गुलाम व्हायला नकार द्यावा, असे त्यांनी समोरच्या बायांना सांगितले.

हे भाषण काटेकोर अर्थाने धार्मिक नव्हते. दीक्षाभूमीवरचे धर्मांतर त्यानंतर चौदा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला झाले. पण ते झाल्यावर चळवळीची शिकवण आणि धम्माची शिकवण यांत फट राहिली नाही. पारंपरिक बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांत, गर्भपाताला भिक्षूने साह्य करणे हा संघातून बाद करणारा दोष आहे, आणि पंचशीलातले पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना नियम आणि तत्त्व यांत फरक केला: बुद्धाने अहिंसा हा आंधळेपणाने पाळायचा नियम केला नाही, तत्त्व म्हणून सांगितली, तत्त्व माणसाला विचार करायला मोकळे ठेवते. गर्भपाताबद्दल त्यांनी तिथे निर्णय दिलेला नाही. तरीही प्रजननाच्या निर्णयाला धम्मात जागा शोधणाऱ्याला सर्वांत पक्का पाया इथेच मिळतो, असे म्हणायला हरकत नाही.

इतर धर्मपरंपरा

नागपूर हे भारतातल्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती जगाचे एक केंद्र आहे. राष्ट्रीय चर्च परिषदेचे मुख्यालय इथेच आहे आणि उत्तर भारताच्या चर्चची (सी.एन.आय.) स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी शहराच्या सदर भागातील ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये झाली. त्यात विलीन झालेल्या अँग्लिकन चर्चच्या जागतिक लॅम्बेथ परिषदेने १९३० मध्येच, मर्यादित परिस्थितीत का होईना, संततिनियमनाच्या साधनांना मान्यता दिली होती. कॅथॉलिक चर्चने त्याच वर्षअखेरीस आणि पुन्हा १९६८ मध्ये नकार कायम ठेवला. त्यामुळे ‘ख्रिस्ती धर्माचे मत’ असे एकच काही सांगता येत नाही. सदरमध्येच थोड्या अंतरावर दोन उत्तरे मिळू शकतात.

इस्लामी शास्त्रकारांनी ‘अज्ल’, म्हणजे वीर्य बाहेर टाकून गर्भधारणा टाळणे, यावर फार पूर्वीच चर्चा केली आहे. बहुसंख्य सुन्नी शास्त्रकारांनी ते परवानगीयोग्य मानले, पण त्यासाठी पत्नीची संमती हवी अशी अट घातली. अकराव्या-बाराव्या शतकातील इमाम गझाली यांनी बायकोची प्रकृती सांभाळणे आणि मुलांचा फार भार होऊ न देणे ही कारणे योग्य ठरवली; मुलगी होईल या भीतीने ते करणे मात्र चूक मानले. गर्भपाताला ते स्वतः विरोध करतात. भारतातील बहुतेक सुन्नी ज्या हनफी पंथाचे आहेत त्यातील जुन्या शास्त्रकारांनी १२० दिवसांच्या आत, सबळ कारण असल्यास, गर्भपाताला वाव ठेवला आहे. नागपूरच्या मोमिनपुऱ्यातल्या किंवा ताजबाग दर्ग्याच्या बाजूच्या एखाद्या आशाताईला (वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्तीला) ही माहिती व्याख्यानापेक्षा जास्त कामाची आहे, कारण ‘आमच्यात चालत नाही’ हे वाक्य तिला रोज ऐकावे लागते आणि ते बहुधा घरातला पुरुष म्हणतो.

हिंदू धर्मशास्त्रात भ्रूणहत्या हे घोर पातक. दुसरीकडे गर्भोपनिषदात जीव सातव्या महिन्यात गर्भाशी जोडला जातो असे म्हटले आहे, आणि सुश्रुतसंहितेत मूढगर्भाच्या, म्हणजे अडलेल्या गर्भाच्या, प्रकरणात मृत गर्भ काढायला क्षणाचाही विलंब लावू नये, असे आईच्या जिवासाठी बजावले आहे. एवढ्यावरून प्राचीनांचा गर्भपाताला पाठिंबा होता असे म्हणणे ओढाताणीचे होईल. व्यवहारात हिंदू समाजाने १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्याला धर्माच्या नावाने मोठा विरोध केला नाही, ही जास्त बोलकी गोष्ट आहे.

मूल होत नाही म्हणून ताजबागला किंवा कोराडीच्या देवीला नवस बोलणाऱ्या बायाही याच विषयात येतात. ‘वांझ’ म्हणून ज्यांना ओटीच्या कार्यक्रमातून वगळले जाते त्यांच्यासाठी एकाही पंथाने ठोस काही केल्याचे दिसत नाही.

संख्येचा वाद

आणीबाणीत महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनाहून जास्त मुले झालेल्यांना पंचायत निवडणुकीत अपात्र ठरवणारा नियम मात्र राज्यात चालू राहिला. उलट टोकाला, १ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरातील एका कुळसंमेलनात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक मोहन भागवत यांनी जननदर (एका स्त्रीमागे सरासरी मुले) २.१ च्या खाली जाऊ नये, म्हणजे दोनपेक्षा जास्त, तीन मुले हवीत, असे सांगितले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर १.७ होता. सरकार कमी मुले मागते, संघटना जास्त मागते, आणि १९४२ च्या भाषणातही मुलांच्या संख्येवर बोट होतेच. त्या भाषणाचे वेगळेपण इतकेच की संख्या सांगून ते थांबले नाही. नवऱ्यापुढे उभे राहा, हेही त्याने सांगितले.

स्त्रीभ्रूणहत्येविरोधी प्रचाराचाही एक अनपेक्षित परिणाम झाला. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. १९९४ मध्ये तो देशभर झाला. कीर्तनांतून आणि गावोगावच्या भिंतींवरून ‘भ्रूणहत्या महापाप’ असे इतके ठसले, की गर्भपात मुळातच बेकायदेशीर आहे असा अनेकींचा समज झाला. मग त्या औषधाच्या दुकानातून गोळ्या घेतात आणि रक्तस्राव थांबेना झाला की नागपूरच्या मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा डागा स्त्री रुग्णालयात पोचतात.

कायदा

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा, अंमल १ एप्रिल १९७२ पासून. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे, आणि ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत लागते. त्यापुढे गर्भात गंभीर दोष असल्यास वैद्यकीय मंडळ निर्णय देते. साधन निकामी ठरल्याचे कारण आता अविवाहित स्त्रीलाही देता येते. मुदत उलटलेल्या विदर्भातील स्त्रियांना मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जावे लागते.

संमतीचा कागद म्हणजे ‘नमुना सी’. त्यावर सज्ञान बाईची एकटीची सही पुरते. नवरा, सासू, बाप कोणाचीही लागत नाही. तरी ‘मिस्टरांना घेऊन या’ हे खिडकीवर ऐकू येतेच, आणि बाई परत जाते. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्यानुसार डॉक्टरने पोलिसांना कळवणेही बंधनकारक आहे. मात्र मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास तिचे नाव व ओळख त्यात उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट केले.