‘क्राइम बिला’चे पाप कोणाच्या माथी?

जुलै २०१५ मध्ये फिलाडेल्फियात कृष्णवर्णीयांच्या ‘एनएएसीपी’ या जुन्या संघटनेचे अधिवेशन भरले होते. तिथे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १९९४ च्या ‘क्राइम बिला’बद्दल, म्हणजे गुन्हेगारीविरुद्धच्या विधेयकाबद्दल, भर सभेत कबूल केले की, मी ज्या विधेयकावर सही केली त्याने घाऊक तुरुंगवासाचा प्रश्न आणखी चिघळला. नऊ महिन्यांनी, एप्रिल २०१६ मध्ये, तेच क्लिंटन त्याच शहरात पत्नीच्या प्रचाराला आले. निदर्शकांनी त्याच कायद्यावरून घोषणा दिल्या, तेव्हा मात्र त्यांचा पारा चढला आणि त्यांनी कायद्याची जोरदार वकिली केली. दुसऱ्या दिवशी, माफी मागावीशी वाटते, असे काहीतरी अर्धवट बोलून त्यांनी विषय मिटवला.

कायदा एकच, सही एकच, कबुल्या दोन. ‘मास इन्कार्सरेशन’, म्हणजे अमेरिकेतला घाऊक तुरुंगवास, याची जबाबदारी कोणाची हा वाद गेली दहा वर्षे तिथल्या प्रत्येक मोठ्या निवडणुकीत उकरला जातो आणि बोट बहुतेक वेळा १९९४ च्या ‘क्राइम बिला’कडेच जाते. मुळात मोठी वाढ झाली कधी, हे आधी पाहावे लागते.

१९७३ च्या सुमारास अमेरिकेतील राज्यांच्या आणि संघराज्याच्या तुरुंगांत मिळून साधारण २ लाख कैदी होते. २००९ मध्ये हा आकडा १५ लाखांवर गेला. यात स्थानिक जेल धरलेले नाहीत. तिथे मुख्यतः आपल्या भाषेत ‘कच्चे कैदी’ असतात, म्हणजे खटला चालायचा बाकी असलेले. शिवाय वर्षभराच्या आतली शिक्षा झालेले. त्यांनाही मोजले तर २००८ मध्ये एकूण संख्या २३ लाखांच्या आसपास जाते. क्लिंटन यांची सही १३ सप्टेंबर १९९४ ची. तुरुंगांतील कैद्यांनी १० लाखांचा टप्पा ओलांडला होता तो त्याच वर्षीच्या जूनअखेर, म्हणजे शाई वाळण्याच्या अडीच महिने आधी. शिवाय दर दहा कैद्यांपैकी नऊ जण राज्यांच्या तुरुंगात होते, जिथे वॉशिंग्टनचा फौजदारी कायदा थेट लागूच होत नाही.

सुरुवात बरीच आधीची. १९६४ मध्ये रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांनी रस्त्यावरची गुन्हेगारी हा अध्यक्षीय निवडणुकीचा मुद्दा केला. ते सपाटून हरले, पण जिंकलेल्या लिंडन जॉन्सन यांनीच पुढे १९६५ आणि १९६८ च्या कायद्यांनी स्थानिक पोलिसांसाठी केंद्राच्या पैशाची वाट उघडली. १९७१ मध्ये निक्सन यांनी अमली पदार्थांना देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवले. खरा घाव मात्र एका राज्याने घातला. न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर हे रिपब्लिकन पक्षातल्या उदारमतवादी गटाचे पुढारी, नजर व्हाइट हाउसवर. १९७३ मध्ये त्यांनी असा कायदा आणला की दोन औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम हेरॉइन विकणाऱ्याला किमान १५ वर्षे ते जन्मठेप. न्यायाधीशाला परिस्थिती पाहून हात सैल सोडायची मुभा नाही. राज्याच्या सिनेटमध्ये हे विधेयक पुढे नेणाऱ्यांपैकी जॉन डन यांनी पुढे उतारवयात ते रद्द व्हावे म्हणून मोहीम चालवली. मिशिगनमध्ये १९७८ साली ६५० ग्रॅम कोकेन किंवा हेरॉइनसाठी सुटकेची आशाच नसलेल्या जन्मठेपेचा कायदा झाला. त्यावर सही करणारे गव्हर्नर विल्यम मिलिकेन यांनीही नंतर ती आपली मोठी चूक मानली. पश्चात्ताप करणाऱ्यांची ही रांग क्लिंटन यांच्याआधीच लागलेली होती. बहुतेकांना तो पद सुटल्यावर झाला, हा भाग वेगळा.

माझ्या मते या सगळ्या इतिहासात सर्वांत वाईट वर्ष १९८६ आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. १९ जून १९८६ रोजी मेरीलँड विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू लेन बायस कोकेनमुळे मरण पावला. दोनच दिवसांपूर्वी बॉस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघाने त्याची निवड केली होती. प्रतिनिधीगृहाचे सभापती टिप ओनील बॉस्टनचे. सुट्टीत मतदारसंघात गेले तेव्हा जो तो याच विषयावर बोलत होता. नोव्हेंबरमध्ये निवडणूक होती आणि रिपब्लिकन आपल्याला गुन्हेगारीबाबत मवाळ म्हणून झोडपणार, ही डेमोक्रॅट्सची धास्ती. ओनील यांनी समित्यांना घाईने विधेयक तयार करायला सांगितले. किमान सक्तीच्या शिक्षांवर धड सुनावणीसुद्धा झाली नाही. २७ ऑक्टोबरला रेगन यांनी सही केली. चार महिन्यांत कारभार आटोपला.

या घाईतून जे प्रमाण निघाले ते कुप्रसिद्ध आहे. ५ ग्रॅम क्रॅक, म्हणजे चहात घालायच्या चमचाभर साखरेइतके, सापडले की किमान ५ वर्षे. तेवढीच शिक्षा पूड कोकेनसाठी व्हायची तर अर्धा किलो लागे. पदार्थ मुळात एकच. क्रॅक म्हणजे पूड सोड्याबरोबर शिजवून केलेले खडे. पण खडे गरीब वस्तीत किरकोळीत विकले जात आणि पूड पैसेवाल्यांच्या पार्ट्यांत जाई. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयांत क्रॅकसाठी शिक्षा झालेल्यांत दहापैकी आठांहून अधिक कृष्णवर्णीय निघू लागले. १९९५ मध्ये शिक्षांचे निकष ठरवणाऱ्या सरकारी आयोगाने हा फरक मिटवा अशी शिफारस केली. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ती फेटाळली आणि त्या फेटाळणीवरही सही केली ती क्लिंटन यांनीच. १९९४ बद्दल त्यांना डझनभर वेळा विचारले गेले असेल, १९९५ च्या या सहीबद्दल फारसे कोणी विचारत नाही.

हे सगळे फक्त गोऱ्या पुढाऱ्यांनी केले म्हणावे तर तेही खरे नाही. हार्लेमचे कृष्णवर्णीय खासदार चार्ल्स रँगेल १९८६ च्या कायद्याच्या बाजूने होते. क्रॅकने त्यांच्याच मतदारसंघातल्या गल्ल्या पोखरल्या होत्या.

मग १९८८. इथे मराठी वाचकासाठी एक खुलासा हवा, कारण शब्द ओळखीचे असून अर्थ हलतो. आपल्याकडे पॅरोल आणि फर्लो दोन्ही म्हणजे कैद्याला मिळणारी रजा. अमेरिकेत पॅरोल म्हणजे मुदतीआधी, देखरेखीखाली झालेली सुटका. फर्लो मात्र आपल्यासारखीच रजा. मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगातून अशा फर्लोवर सुटलेला विली हॉर्टन हा खुनाचा कैदी परतलाच नाही आणि त्याने मेरीलँडमध्ये एका जोडप्यावर भीषण अत्याचार केले. गव्हर्नर होते मायकेल डुकाकिस, त्या वर्षीचे डेमोक्रॅटिक उमेदवार. रिपब्लिकन उमेदवार थोरले जॉर्ज बुश यांच्या समर्थक गटाने हॉर्टनचा काळा चेहरा टीव्हीवर फिरवला. ही रजेची योजना एका रिपब्लिकन गव्हर्नरने सुरू केली होती, पण डुकाकिस यांनी १९७६ मध्ये खुन्यांना तीतून वगळणारे विधेयक रोखले होते. ते हरले. डेमोक्रॅट्सनी त्यातून जो धडा घेतला तो क्लिंटन यांनी पाठच केला. जानेवारी १९९२ मध्ये प्रचार सोडून ते आर्कान्सोला, म्हणजे ते गव्हर्नर असलेल्या राज्यात, परतले, ते रिकी रे रेक्टर या खुनाच्या कैद्याला मृत्युदंड दिला जाताना तिथे हजर राहण्यासाठी. रेक्टरने स्वतःच्या डोक्यात गोळी झाडून घेतल्याने त्याचा मेंदू निकामी झाला होता. शेवटच्या जेवणातला ‘पाय’ (pie) हा गोड पदार्थ त्याने नंतर खाईन म्हणून बाजूला ठेवला.

आता १९९४. वातावरण कसे होते हे विसरून चालणार नाही. हिंसक गुन्ह्यांचा दर १९९१ मध्ये शिगेला पोहोचला होता आणि त्या एका वर्षात देशात २४ हजारांहून अधिक खून झाले. साडेतीनशे पानांच्या विधेयकात एक लाख नवे पोलीस होते, तुरुंगांसाठी सुमारे ९.७ अब्ज डॉलर आणि प्रतिबंधक कार्यक्रमांसाठी ६.१ अब्ज. तिसऱ्या गंभीर गुन्ह्याला जन्मठेप होती, सुमारे ६० गुन्ह्यांना नव्याने मृत्युदंड होता. कैद्यांची कॉलेजसाठीची पेल शिष्यवृत्ती बंद झाली. आणि त्याच पोतडीत स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा कायदा आणि लष्करी धाटणीच्या बंदुकांवर दहा वर्षांची बंदीही होती. एकेका कलमावर मत देण्याची सोय नसते. पोतडी उचलायची तर सगळीच. डाव्या विचारांचे खासदार बर्नी सँडर्स यांनी तिच्या बाजूने मत दिले, ते स्त्रियांविषयीच्या आणि बंदुकांच्या तरतुदींसाठी.

११ ऑगस्टला प्रतिनिधीगृहात विधेयक चर्चेला घेण्याचा ठरावच २२५ विरुद्ध २१० मतांनी पडला. रिपब्लिकनांनी तरुणांना गुन्ह्यांपासून दूर ठेवण्यासाठीच्या मध्यरात्रीच्या बास्केटबॉल कार्यक्रमांवरील खर्चाची यथेच्छ टवाळी केली. प्रतिबंधाचा पैसा छाटून विधेयक परत आले आणि २३५ विरुद्ध १९५ असे मंजूर झाले. सिनेटमध्ये ६१ विरुद्ध ३८. तिथे त्याचे कर्तेधर्ते होते न्यायसमितीचे अध्यक्ष जो बायडेन. कृष्णवर्णीय खासदारांपैकी साधारण दोन तृतीयांश जणांनी होकार दिला, अनेक कृष्णवर्णीय महापौरांनीही पाठिंबा दिला. ‘त्यांनाच हवा होता कायदा’ असे सांगणारे पुढचे सांगत नाहीत. या खासदारांनी मृत्युदंडातल्या वांशिक भेदभावाविरुद्धचे कलम प्रतिनिधीगृहात मंजूर करून घेतले होते, ते दोन्ही सभागृहांच्या तडजोडीत गळाले. त्यांनी पोलीसही मागितले होते आणि शाळा, रोजगार, व्यसनमुक्तीही. हातात पडले ते मुख्यतः पोलीस आणि तुरुंग.

मग या कायद्याने कैदी वाढले का? थोडे वाढले, पण ज्या प्रमाणात त्याला शिव्या बसतात तेवढे नाही. हिंसक गुन्हेगाराला शिक्षेच्या ८५ टक्के काळ आत ठेवाल तर तुरुंग बांधायला पैसे देऊ, असे आमिष केंद्राने राज्यांना दाखवले. १९९८ पर्यंत २७ राज्ये आणि राजधानीचा प्रदेश त्या अटीत बसले, मात्र त्यातली बरीच आधीच त्या वाटेवर होती. ‘तीन गुन्हे आणि जन्मठेप’ वॉशिंग्टन राज्याने १९९३ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने मार्च १९९४ मध्येच आणले होते. २०१९ मध्ये अध्यक्षपदाची उमेदवारी मागताना बायडेन हाच बचाव देत राहिले की कैदी राज्यांचे आहेत. प्रतिस्पर्धी सिनेटर कोरी बुकर यांनी तेव्हा त्यांना या व्यवस्थेचे शिल्पकारच ठरवले. बायडेन यांचे गणित बरोबर आहे, पण १९८४ आणि १९८६ च्या फेडरल कायद्यांतही त्यांचा हात होता हे ते हळूच वगळत. आणि राज्यांना पैसा दाखवून एका दिशेला ढकलायचे, नंतर ती गेली म्हणून हात झटकायचे, हा बचाव मला तरी पटत नाही.

आणखी एक गैरसोयीची गोष्ट आहे. राज्यांच्या तुरुंगांतले निम्म्याहून अधिक कैदी हिंसक गुन्ह्यांसाठी आहेत. पुढारी माफी मागतात ती अमली पदार्थांच्या कायद्यांबद्दल, कारण ती स्वस्त पडते. हिंसक गुन्हेगाराची शिक्षा कमी करा असे म्हणायला कोणीही धजावत नाही. हॉर्टनची जाहिरात अजून सगळ्यांच्या स्मरणात आहे. शिवाय तिथला सरकारी वकील बहुतेक ठिकाणी निवडून येतो. किती जणांवर खटला भरायचा, कोणते कलम लावायचे हे तो ठरवतो, आणि त्याच्या नावाने कोणी घोषणा देत नाही.

१९९४ च्या कायद्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे केले जाते, याचे उत्तर मला साधे वाटते. रॉकफेलर, ओनील, रेगन गेले. क्लिंटन दांपत्य, बायडेन, सँडर्स मात्र मते मागत राहिले. मे २०१९ मध्ये ट्रम्प यांनीही ट्विट केले की, १९९४ च्या विधेयकाशी संबंध असलेला कोणीही निवडून येणार नाही. त्यांनी डिसेंबर २०१८ मध्ये शिक्षा काहीशा सौम्य करणाऱ्या ‘फर्स्ट स्टेप’ कायद्यावर सही केली होती, तेव्हा बोलायला तोंड होते. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत मृत्युदंड परत आणा म्हणून पानभर जाहिराती देणारेही तेच.

ऑक्टोबर २०२० च्या वादफेरीत बायडेन यांनी ऐंशीच्या दशकातले अमली पदार्थांचे कायदे ही चूक होती असे मान्य केले. कैद्यांची पेल शिष्यवृत्ती जुलै २०२३ पासून पुन्हा सुरू झाली. डिसेंबर २०२४ मध्ये, पद सोडताना, बायडेन यांनी मृत्युदंड झालेल्या ४० फेडरल कैद्यांपैकी ३७ जणांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. १७ जानेवारी २०२५ रोजी त्यांनी अमली पदार्थांच्या प्रकरणांतील जवळपास २,५०० जणांच्या शिक्षा कमी केल्या, कारण दिले ते क्रॅक आणि पूड यांतल्या भेदाचे. तो भेद २०१० मध्ये १००:१ वरून १८:१ वर आला होता. पूर्ण मिटवणारे विधेयक सप्टेंबर २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहाने ३६१ विरुद्ध ६६ मतांनी मंजूर केले, पण सिनेटमध्ये ते मताला आलेच नाही. पाच वर्षांच्या शिक्षेसाठी आजही २८ ग्रॅम क्रॅक पुरते. पूड असेल तर ५०० ग्रॅम.