मनोरुग्णाला घरी कोण नेणार? ह्या प्रश्नामागचा इतिहास

मुंबईत कुणी जरा विचित्र वागलं की "ह्याला ठाण्याला पाठवा", पुण्यात "येरवड्याला पाठवा", हे आपण सगळ्यांनीच हसत हसत म्हटलंय. पण ह्या चेष्टेत एक इतिहास दडलाय, म्हणजे असं की गंभीर मानसिक आजाराचा माणूस कुठेतरी "पाठवायचा" असतो, त्याला परत आणायचं असतं हे कुणी बोलत नाही. ठाण्याचं हॉस्पिटल 1901 चं. रत्नागिरीचं त्याच्याही आधीचं. 1912 चा कायदा तर सरळ ल्युनसी ॲक्ट, म्हणजे वेडेपणाचा कायदा, ह्या नावाचा होता, त्यात भरती बरेचदा मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरवर व्हायची, मग आजारी माणूस आणि गुन्हेगार ह्यात फरक तो काय राहिला.

पहिला वेगळा विचार मला दिसतो तो अमृतसरला. 1950 च्या दशकात तिथल्या मेंटल हॉस्पिटलचे डॉ. विद्यासागर ह्यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाईकांना पेशंटसोबत राहायला लावलं. आई, भाऊ, बायको रोज बघतायत की औषधाने, बोलण्याने माणूस सावरतोय, मग घरी न्यायची भीती आपोआप कमी होते. किती साधी गोष्ट! माझ्या मते सामाजिक कामाची खरी सुरुवात ह्या तंबूंत झाली, धोरणं बिरणं नंतर आली.

धोरण 1982 ला आलं, राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम. मग बंगळूरच्या निम्हान्सने, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने, बेल्लारी जिल्ह्यात करून दाखवलं की प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आणि गावात फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग दिलं तर स्किझोफ्रेनियाचा (भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचा) पेशंट गावातच सांभाळता येतो, आणि 1996 पासून तेच मॉडेल जिल्हा कार्यक्रम म्हणून इतर ठिकाणी नेलं.

कागदावर हे सगळं चाललं होतं आणि 6 ऑगस्ट 2001 ला पहाटे तामिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खासगी "होम"ला आग लागली. माणसं साखळीने बांधलेली होती, पळणार कशी? 28 जण गेले. त्यांनाही कुणीतरी घरच्यांनीच आणून सोडलं होतं, बरं होतील ह्या आशेने.

आपल्याकडे घरच्यांचा विचार करणारं मोठं नाव म्हणजे जगन्नाथ वाणी. मूळचे धुळ्याचे, कॅनडात प्राध्यापक, पत्नीला स्किझोफ्रेनिया, म्हणजे बाहेरून बघणारा माणूस नव्हता हा. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, तिथे नातेवाईकांचे स्वमदत गट बसायला लागले. पेशंटला "शुभार्थी" आणि सांभाळणाऱ्याला "शुभंकर" हे शब्दही ह्याच वर्तुळात रुळले. पहिल्यांदा ऐकताना जरा गोडगोड वाटतात, पण "वेडा" आणि "वेड्याची आई" ह्याच्यापेक्षा लाख पटीने बरे.

आणि ज्यांना घरच माहीत नाही, रस्त्यावर फिरतायत, त्यांच्यासाठी डॉ. भरत वाटवानी दांपत्याने 1988 ला श्रद्धा फाऊंडेशन सुरू केलं, पुढे कर्जतला केंद्र काढलं. पेशंट बोलायला लागला की गावाचं नाव, एखादी नदी, भावाचं नाव असं तुटक तुटक काहीतरी हाती लागतं, त्यावरून पत्ता काढायचा आणि सोशल वर्करने औषधं घेऊन ट्रेनने थेट दारापर्यंत सोडायचं, मग ते दार बिहारमध्ये का असेना. 2018 ला डॉ. वाटवानींना मॅगसेसे मिळाला.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आता साखळीला बंदी आहे, आणि घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला हॉस्पिटलात ठेवता येत नाही. पण बायकांच्या बाबतीत बरेचदा नवऱ्याने दुसरा संसार मांडलेला असतो, माहेरी भाऊ-वहिनी दार उघडत नाहीत, मग कायदा काय करणार. टिसच्या (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या) तराशा प्रोजेक्टने म्हणूनच घराचा हट्ट सोडला. हॉस्पिटलातून बाहेर पडलेल्या बायकांना वर्किंग विमेन्स हॉस्टेलमध्ये जागा, कामाचं ट्रेनिंग आणि मग नोकरी, असा रस्ता धरला.