नॉकिंग, एंजिनातील

पेट्रोल एंजिनात ठिणगीने पेटलेली ज्योत पसरत असताना तिच्यापुढचे शिल्लक मिश्रण, ज्योत पोहोचण्याआधीच, आपोआप पेट घेते तेव्हा उमटणारा कर्कश ठोका. झडपा उचलणाऱ्या टॅपेटची टकटक गाडी जागेवर उभी असतानाही ऐकू येते. नॉकिंग मात्र भार पडल्यावरच सुरू होते.

कारणाविषयी दीर्घकाळ मतभेद होते. सुरुवातीला दोष प्रज्वलनाच्या वेळेवर, विशेषतः अमेरिकी अभियंते केटरिंग यांच्या बॅटरी-इग्निशनवर टाकला जाई. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी, बहुधा पहिल्या महायुद्धाच्या आधीच, नॉकिंग आणि पूर्वप्रज्वलन (ठिणगीआधीच मिश्रण पेटणे) हे दोन निराळे प्रकार मानले. पुढे एक पक्ष टोकाकडील वायूच्या, म्हणजे ज्योतीपुढच्या शिल्लक मिश्रणाच्या, स्वयंप्रज्वलनाचा, तर दुसरा ध्वनीहून वेगवान विस्फोट-तरंगाचा झाला. १९३० नंतर काचेच्या खिडकीतून ज्वलनाची अतिवेगवान छायाचित्रे घेतली गेली, तेव्हापासून पहिल्या मताचे पारडे जड आहे; तीव्र नॉकिंगमध्ये मात्र विस्फोटासारखी अवस्था येत असावी, हे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. १९२१ मध्ये अमेरिकी संशोधक मिजली यांना शिशाच्या संयुगाचा उपाय सापडला. नॉकिंग त्याने थांबले, पण शिसे हवेत गेले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. इंधन नॉकिंगला किती दाद देत नाही हे मोजणारी ऑक्टेन मोजपट्टी १९२६-२७ च्या सुमाराची: आयसोऑक्टेन १००, हेप्टेन ०.

खरे नुकसान आवाजाने होत नाही, उष्णतेने होते. सिलिंडरच्या भिंतीला आणि पिस्टनच्या माथ्याला लगटून असलेला, तुलनेने थंड वायूचा पातळ थर दाब-तरंगांनी उधळला जातो आणि ज्वलनाची उष्णता थेट धातूला भिडते. पिस्टनच्या कडेला वाळूचे कण मारल्यासारखे खड्डे पडतात, रिंगांमधल्या पट्ट्या तुटतात, हेड गॅस्केट जाते. तापलेला प्लग मग ठिणगीआधीच मिश्रण पेटवू लागतो, आणि अशा एंजिनाच्या पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. गती घेताना क्षणभर येणारी टिकटिक बहुधा निरुपद्रवी असते. भरधाव वेगात टिकून राहिलेले नॉकिंग सर्वांत घातक, कारण तिथे वाऱ्याच्या आवाजात ते कानावरच येत नाही.

सोलापूरला उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपलीकडे जातो. आत ओढली जाणारी हवाच तापलेली, त्यात तुळजापूरचा घाट तिघांना बसवून वरच्याच गिअरमध्ये चढवला, तर जुन्या कार्ब्युरेटरच्या दुचाकीने ठोके देणे साहजिकच. गिअर खाली घ्यावा, साचलेला कार्बन काढावा, टायमिंग थोडे मागे घ्यावे. नव्या गाड्यांत टायमिंग मागे घेण्याचे काम नॉक-सेन्सरच्या इशाऱ्यावर आपोआप होते. जिल्ह्यातील साखर कारखानदारीशी जोडलेले इथेनॉलही नॉकिंग रोखते. त्याचा ऑक्टेन अंक पेट्रोलहून बराच वरचा आहे.

डिझेल नॉकिंग स्वतंत्र मानावे. तिथे इंधन उशिरा पेटते आणि ठोका ज्वलनाच्या आरंभीच बसतो. म्हणून मे महिन्याच्या दुपारी पेट्रोल गाडी ठोकते, तर विहिरीवरचे डिझेल एंजिन जानेवारीच्या पहाटे. त्याला लागते ते सहज पेटणारे, वरच्या सीटेन अंकाचे इंधन.