कॅमकॉर्डरला प्रोफेशनल माइक जोडणं

कॅमकॉर्डरचा आतला माइक कॅमेऱ्याजवळचं सगळं आधी पकडतो, म्हणजे झूमची मोटर, बॉडीवर सरकणारं बोट, शूट करणाऱ्याचा श्वास, आणि ज्याचं ऐकायचंय तो माणूस राहतो लांब. म्हणून बाहेरचा माइक लावतात. पण घरगुती कॅमकॉर्डरला ३.५ मिमीचं मिनी जॅक असतं (काहींना तर तेही नाही) आणि प्रोफेशनल माइक येतो तीन पिनांच्या एक्सएलआरवर, खरी भानगड इथेच.

एक्सएलआर लाइन बॅलन्स्ड असते. पिन १ ग्राउंड, २ वर सिग्नल, ३ वर तोच उलटा. वाटेत शिरलेली घरघर दोन्ही तारांवर सारखीच चढते, पुढे दोघींमधला फरक घेतला की ती उडते, त्यामुळे लांबलचक केबलही चालते. मिनी जॅक मात्र अनबॅलन्स्ड (उलट्या सिग्नलची तार नाही) आणि स्टिरिओ, म्हणजे टोकावर डावा आवाज, त्यामागच्या रिंगवर उजवा. आता कोणी पिन २ टोकाला आणि ३ रिंगला जोडून केबल बनवली तर डावीकडे आवाज सुलटा, उजवीकडे उलटा, हेडफोनवर फक्त जरा विचित्र वाटतं, पण तोच व्हिडिओ एका स्पीकरच्या मोबाइलवर लावला की दोन्ही एकमेकांना खातात, माणूस तोंड हलवतोय आणि आवाज गायब!

त्यापेक्षा बीचटेकसारखा एक्सएलआर अ‍ॅडॅप्टर घ्यावा, तो ट्रायपॉडच्या स्क्रूवर कॅमेऱ्याखाली बसतो आणि लेव्हलचे नॉबही देतो. फक्त बघून घ्या, कंडेन्सर माइकला साधारण ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज) लागते, ती प्रत्येक बॉक्स देत नाही, आणि मिनी जॅकमधून येणारे दोन-चार व्होल्ट त्याला पुरत नाहीत. डायनॅमिक माइकला पॉवर नको, पण त्याचा सिग्नल इतका बारीक की कॅमेऱ्याचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) चढवावा लागतो आणि मग सूंऽ ऐकू येतं.

मिक्सरची लाइन (त्यातून बाहेर येणारा मोठा सिग्नल) थेट माइक इनपुटला देऊ नये. प्रो लाइन लेव्हल १.२३ व्होल्टची, माइकची काही मिलिव्होल्टची, आवाज फाटणारच, आणि कॅमेऱ्यात लेव्हल कमी करून बहुतेकदा उपयोग नसतो कारण सिग्नल त्याच्या आधीच्या पायरीवरच फाटलेला असतो. मध्ये अटेन्युएटर (सिग्नल बारीक करणारा जोड) लावायचा.

ऑटो गेन (कॅमेरा स्वतःच आवाज वर-खाली करतो ते) बंद करता आला तर बंदच करा, नाहीतर बोलणारा थांबला की मागचा पंखा हळूहळू वर येतो. मॅन्युअलवर आवाजाची टोकं (सगळ्यात मोठे आवाज) मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. आणि हेडफोन कॅमेऱ्यालाच लावून ऐका, मीटर काय, नुसत्या घरघरीवरही हलतो.