अव्हेर्स

अव्हेर्स : स्वित्झर्लंडच्या आग्नेय भागातील ग्राउब्युन्डेन कँटनातील (घटकराज्यातील) एक ग्रामपालिका. क्षेत्रफळ सु. ९३ चौ. किमी.; लोकसंख्या दीडशे ते पावणेदोनशेच्या दरम्यान. मराठी ‘अव्हेर’शी या नावाचा संबंध नाही, आणि इथल्या लोकांनी गेल्या सातशे वर्षांत या जागेचा अव्हेर केलेला नाही, हे आधीच सांगितलेले बरे. अव्हेर्स हे एका गावाचे नाव नसून एका लांबलचक उंच खोऱ्याचे आहे. त्यात काम्पसुट, क्र्योट, क्रेस्टा, प्युर्ट, युप्पा, युफ अशा वाड्या अंतराअंतराने विखुरलेल्या आहेत. चर्च व पालिकेचा कारभार क्रेस्टाला (सु. १,९६० मी.).

खोऱ्यातून वाहणारा अव्हेर्सर ऱ्हाइन पुढे हिंटरऱ्हाइनला, म्हणजे ऱ्हाइन नदीच्या एका मूळ प्रवाहाला, मिळतो. इटलीची सीमा डोंगराच्या पाठीशी असली, तरी इथल्या बर्फाचे पाणी उत्तर समुद्राला जाते. माद्रिस आणि बेर्गाल्गा ही दक्षिणेकडे शिरणारी उपखोरी. क्रेस्टाच्या आसपास झाडांची शेवटची रांग लागते. त्याखालच्या उतारावर लार्च आणि आरोला पाइनचे जुने रान आहे. त्यावर फक्त गवत, दगड आणि बर्फ.

सर्वांत वरची वाडी युफ २,१२६ मी. उंचीवर आहे. ती युरोपातील सर्वांत उंच बारमाही वस्ती समजली जाते. कॉकेशस पर्वत युरोपात धरायचा की नाही, यावर या मानाचे खरेखोटे ठरते. पण आल्प्सपुरता तरी वाद नाही. युफमध्ये जेमतेम तीसएक माणसे राहतात.

गंमत अशी, की वाड्यांची नावे आणि माणसांची बोली यांचा मेळ बसत नाही. काम्पसुट म्हणजे खालचे शेत, क्रेस्टा म्हणजे डोंगराची धार, युफ म्हणजे जू. ही सारी रोमान्श या लॅटिनपासून निघालेल्या स्थानिक भाषेतली नावे. बोली मात्र वाल्झर जर्मन. वाल्झर लोक मूळचे स्वित्झर्लंडच्या पश्चिमेकडील व्हाले (वालिस) प्रदेशातले. तेराव्या शतकात ते आल्प्सच्या उंच, ओसाड टोकांना जाऊन बसले. खालची सुपीक जमीन आधीच दुसऱ्यांच्या ताब्यात होती. वरची कोणालाच नको होती, म्हणून सरदारांनी ती त्यांना वंशपरंपरागत खंडाने दिली. बदल्यात ठरलेला खंड आणि वेळप्रसंगी लढाईला माणसे. वाल्झरांना यातून मिळाली ती वैयक्तिक मोकळीक, त्या काळच्या शेतकऱ्याला सहसा न मिळणारी. अव्हेर्सच्या १६२२ च्या कायदेवहीत ही ऐट स्पष्ट दिसते. आपले पंच आपणच नेमू आणि आपणच काढू, एका परमेश्वराखेरीज कोणा परक्या राजाचे वा सरदाराचे आपण काही देणे लागत नाही, असे त्यात लिहून ठेवले आहे. एवढ्याशा वस्तीने हे लिहावे, याचे कौतुक वाटते.

राजकीय दृष्ट्या हे खोरे चौदाव्या शतकापासून देवगृह संघात, म्हणजे या भागातील गावांच्या व खोऱ्यांच्या एका संघात, होते. तो संघ पुढे ‘तीन संघां’च्या राज्याचा भाग झाला, आणि १८०३ मध्ये ते राज्य ग्राउब्युन्डेन कँटन म्हणून स्वित्झर्लंडमध्ये आले. सोळाव्या शतकात लोकांनी प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला. तीन संघांची सत्ता दक्षिणेत वाल्तेलिना व क्यावेन्ना या आज इटलीत असलेल्या मुलखांवरही होती. तिथे पोदेस्ता, म्हणजे साधारण आपल्याकडच्या मामलेदारासारखा अधिकारी, नेमला जाई. ही पदे बऱ्यापैकी पैसा देणारी होती. अशाच एका पोदेस्ताने सतराव्या शतकात युफच्या वाटेवर बांधलेले भारदस्त दगडी घर अजून उभे आहे. आजूबाजूला कुरणाखेरीज काही नसल्याने ते आहे त्याहून मोठे वाटते.

अव्हेर्सचे सारे अर्थकारण गवतावर चालत आले. इतक्या उंचीवर धान्य पिकत नाही. गुरे, लोणी, चीज विकायचे आणि धान्य, वाइन आणायची, असा व्यवहार. खालच्या बाजूची घळ इतकी अवघड होती, की बाजार दक्षिणेला क्यावेन्नाचा. माद्रिस खोऱ्यातून दक्षिणेकडच्या सोल्यो गावाकडे उतरणाऱ्या प्रासिन्योला खिंडीतल्या दगडी पायऱ्या या वहिवाटीच्या साक्षीदार आहेत.

जळणाचे काय, हा प्रश्न युफला सर्वांत जाचक. लाकूड नाही, मग चुलीत घालायचे काय? मेंढ्यांचे शेण. हिवाळाभर मेंढ्या गोठ्यात कोंडलेल्या असत. त्यांच्या लेंड्या आणि खालचा पेंढा-कचरा खुरांखाली तुडवून तुडवून घट्ट थर बसे. वसंतात तो फावड्याने विटांसारखा कापायचा आणि गोठ्याच्या उन्हाकडच्या भिंतीशी रचून वाळवायचा. आपल्याकडे गोवऱ्या थापतात, तिथे कापत. थापण्याचे काम मेंढ्यांनीच केलेले असे. वाळलेल्या विटा पुढच्या हिवाळ्यात भट्टीत जात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला खोऱ्यात तीनशेच्या आसपास लोक होते, नंतर संख्या घटत गेली. १८९० च्या दशकात घळीतून गाडीरस्ता झाला आणि बाजार दक्षिणेकडून उत्तरेकडे वळला. १९५० च्या दशकाअखेरीस शेजारच्या व्हाले दी लेई खोऱ्यात मोठे धरण बांधायला घेतले. त्याचा जलाशय इटलीत आहे, पण भिंत स्वित्झर्लंडची. भिंतीखालची जमीन इटलीने दिली, आणि तेवढीच स्वित्झर्लंडने दुसरीकडे मोजून दिली. या प्रकल्पाने रस्ता रुंद झाला, आणि पाण्याच्या स्वामित्वशुल्कापोटी पालिकेला नियमित उत्पन्न सुरू झाले. एवढ्याशा पालिकेच्या टिकावात याचा वाटा मोठा असावा. शेजारची आउसरफेरेरा व इनरफेरेरा २००८ मध्ये एकत्र आली, श्टालरबेर्ग खिंडीपलीकडचे बिव्यो २०१६ मध्ये सुर्सेस पालिकेत विलीन झाले. अव्हेर्स स्वतंत्र राहिले.

आजही मुख्य धंदा गुरेपालन, बहुतांश सेंद्रिय पद्धतीचे. उतारावरचे गवत कापणाऱ्या शेतकऱ्याला सरकारी अनुदान मिळते, आणि उतार जितका तीव्र तितके ते जास्त. जोडीला उन्हाळ्यात पायी भटकणारे आणि हिवाळ्यात स्कीवाले पाहुणे. पिवळी पोस्टबस खोरे चढत युफपर्यंत येते, शेवटच्या घरांपाशी वळून परत फिरते. पुढे रस्ता नाही, सु. २,५८० मी. उंचीची श्टालरबेर्ग खिंड ओलांडून बिव्योला जाणारी पायवाट तेवढी आहे.